आधी समाज, मग रब्बी

सोलापूरच्या भवानी पेठेत राहून ज्यू समाजाशी नाते जोडायचे, तर पहिला प्रश्न मनात येतो तो रब्बींचा. कुणाची आजी बेने इस्रायली असते, कुणी मुंबई सोडून इकडे आलेले असते. पण रब्बींपासून सुरू केलेला शोध बहुधा अडतो. महाराष्ट्रात हा धर्म टिकला तो वेगळ्या वाटेने.

गैरसमज : ज्यू म्हणजे परदेशी लोक.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रातला बेने इस्रायल हा ज्यू समाज शतकानुशतके कोकणात राहिला. पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावला फुटले, असे समाजाची परंपरा सांगते. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. केहिमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. वल्हांडण सणाला वाचायची हग्गादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

गैरसमज : रब्बी म्हणजे पुजारी, त्यांच्याशिवाय प्रार्थना होत नाही.
वस्तुस्थिती : रब्बी हे धर्मशास्त्राचे जाणकार आणि शिक्षक. सामूहिक प्रार्थनेला लागते ते मिन्यान, म्हणजे परंपरेनुसार तेरा वर्षे पूर्ण झालेले दहा पुरुष. प्रार्थना हझान चालवतात. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हते, तरी शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन, आठव्या दिवसाची सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना टिकली. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. रब्बींची गरज पडते ती धर्मांतर, धार्मिक घटस्फोट किंवा कोशर आहाराचे अवघड नियम अशा प्रश्नांत.

गैरसमज : जवळ सिनेगॉग नसेल, तर काहीच करता येत नाही.
वस्तुस्थिती : शब्बाथ घरातच सुरू होतो. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावायचे, मग किद्दुश, म्हणजे पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद. बेने इस्रायली घरांत त्यासाठी मनुकांचे सरबत करतात. नवस फेडताना किंवा मंगल प्रसंगी एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळांचा मलिदाही घरीच होतो.

गैरसमज : कोणत्याही रब्बींना भेटले की समाजात प्रवेश झाला.
वस्तुस्थिती : मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाउसमधले खबाद या ज्यू संघटनेचे रब्बी हसिदी परंपरेचे, बेने इस्रायलांच्या उपासनेचे वळण सेफार्दी, म्हणजे स्पेनमधल्या ज्यूंच्या परंपरेचे. तिथे मार्गदर्शन जरूर घ्यावे, पण समाजाची ओळख होते ती त्याच्या सिनेगॉगमध्ये. सोलापूरहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर पुण्यात दोन सिनेगॉग आहेत : रास्ता पेठेतले बेने इस्रायलांचे सुक्कथ शेलोमो आणि कॅम्पातले, डेव्हिड ससून यांनी बांधवलेले ओहेल डेव्हिड, म्हणजेच लाल देऊळ.

गैरसमज : इच्छा असली की लगेच ज्यू होता येते.
वस्तुस्थिती : ज्यू धर्म प्रसार करत नाही. परंपरेनुसार ज्यू आईचे मूल ज्यू मानतात, त्यामुळे आईच्या आईचे मूळ महत्त्वाचे ठरते. इतरांना दीर्घ अभ्यासानंतर तीन जणांच्या धर्मन्यायालयासमोर, बेथ दीनपुढे, जावे लागते. अभ्यासासाठी किंवा आदराने भेट देणाऱ्याला मात्र ही अट नाही.

सुरुवात घरातून करावी. आजी-आजोबांचे कोकणातले गाव, त्यांचे सिनेगॉग, लग्नाचा केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, शोधावा. मग सिनेगॉगच्या विश्वस्तांना पत्र लिहावे आणि आपण कोण, का येतो ते स्पष्ट सांगावे. २००८ च्या नरिमन हाउसवरील हल्ल्यानंतर सुरक्षा कडक आहे. ओळखपत्र जवळ हवे आणि परवानगी आधी हवी. शनिवारी फोन करू नये, तो शब्बाथ. प्रार्थनेला जायचे तर शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पुण्यात पोचावे.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले, आणि मागे राहिलेल्यांना कित्येक ठिकाणी दहा जण जमवणेही कठीण जाते. म्हणून दुरून येणाऱ्या ज्यू माणसाने संकोच करू नये. त्याला समाजाची जितकी गरज असते, तितकीच समाजालाही त्याची असते.