वेशीवर अडलेला घोडा

कयाधूकाठच्या नरसीतून दर आषाढीला नामदेवांची पालखी पंढरीला निघते आणि हिंगोलीच्या रामलीला मैदानावर तिचं रिंगण होतं. रिंगणाची रीत वारीत सगळीकडे सारखी. वारकरी गोल कडं धरतात. पताकेचा स्वार पुढे, मागे देवाचा मोकळा घोडा. त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. तो चौखूर सुटला की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडते. माउलींच्या सोहळ्याचे अश्व तर बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला पायी येतात. राज्याची सीमा त्यांना कधी आडवी येत नाही.

देशाची सीमा मात्र घोड्याला आडवी येते. आपला घोडेस्वार परदेशातल्या स्पर्धेला निघतो, तेव्हा त्याचा घोडा मागे पागेतच राहतो. असं का होतं, याचा माग काढत गेलं की वाट युरोपातून फिरून मराठवाड्यातल्या जत्रेत येऊन थांबते.

आखेनचं मैदान

शो जंपिंगची पंढरी म्हणावं असं गाव जर्मनीत आहे: आखेन. बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांच्या हद्दीला लागून. 1924 पासून इथे घोडेस्वारीचा मोठा मेळा भरतो. मुख्य मैदानात 40 हजार प्रेक्षक मावतात. शेवटच्या दिवशी सगळे स्वार निरोपाची फेरी मारतात आणि लोक पांढरे रुमाल हलवून त्यांना निरोप देतात. 2026 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही ऑगस्टमध्ये आखेनलाच ठरली.

खेळ पाहायला सोपा आणि खेळायला अतिशय अवघड. मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे ठरावीक क्रमाने मांडलेले असतात. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत त्यांची उंची 1.60 मीटरपर्यंत जाते. दांडी पडली की 4 दोष. घोडा अडथळ्यापुढे अडला तरी 4 दोष, दुसऱ्यांदा अडला की स्पर्धेतून बाद. एकही दोष न घेता फेरी संपवणारे एकाहून अधिक असतील, तर त्यांची पुन्हा कमी अडथळ्यांवर, वेळ मोजून फेरी होते.

यातला माझ्या मनात घर करून राहिलेला भाग स्पर्धेच्या आधीचा. स्वार मैदानात पायी उतरतो आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतो. धावत्या घोड्याची एक ढांग साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे माणसाची चार पावलं. इथे पाच ढांगा बसतील की सहा, वळणावर लगाम कधी आखडायचा, हे तो चालता चालता पाठ करतो. घोड्याला हे मैदान आधी दाखवत नाहीत. स्वाराच्या मांडीचा दाब आणि लगामाची ओढ एवढ्याच खुणांवर तो अनोळखी अडथळ्यावर झेप घेतो. असा विश्वास रोजच्या खराऱ्यातून, वर्षानुवर्षांच्या सहवासातून तयार होतो. म्हणूनच स्वाराला त्याच्या घोड्यापासून तोडणं ही या खेळातली सर्वांत मोठी हानी आहे.

स्वार गेला, घोडा राहिला

1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये घोडेस्वारी पहिल्यांदाच आली आणि भारताने 3 सुवर्णपदकं जिंकली. रघुबीर सिंग यांनी शाहबाज या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं. इव्हेंटिंग म्हणजे ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची परीक्षा), रानातली दौड आणि जंपिंग अशी तिहेरी परीक्षा. स्पर्धा घरच्या अंगणात होती, घोडे हाताशी होते. पुढचं सुवर्ण यायला 41 वर्षं लागली.

मधल्या काळात ज्यांनी हा खेळ धरून ठेवला, त्यांत मुंबईकर बरेच. महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबने कित्येक स्वार घडवले. मुंबईचे इम्तियाज अनीस 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये स्प्रिंग इन्व्हेडरवर बसून इव्हेंटिंगमध्ये उतरले आणि 23 वे आले. त्यांच्यानंतर पुढचा भारतीय घोडेस्वार, बंगळुरूचा फवाद मिर्झा, ऑलिंपिकमध्ये दिसला तो थेट टोकियोत. 2018 च्या जकार्ता एशियाडमधल्या भारताच्या शो जंपिंग संघात मुंबईचे झहान आणि कैवान सेटलवाड होते. 2023 मध्ये हांगझोउला ड्रेसाजच्या ज्या संघाने 41 वर्षांचा दुष्काळ संपवला, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग आणि अनुष अगरवाला हे त्याचे साथीदार.

या चौघांचं सुवर्ण आपलंच, पण त्यांचे घोडे युरोपातले. घोड्याजवळ राहायचं म्हणून या मुलांना घरदार सोडून युरोपात वर्षं काढावी लागली. तिथे घोडा विकत घ्यायचा, तबेल्याचं भाडं, चंदी, नालबंदी, प्रशिक्षक, डॉक्टर हा सगळा खर्च युरोत. ज्याच्या घरात एवढा पैसा नाही, त्याचा खेळ भारताच्या वेशीवरच संपतो.

अडथळा रक्तातला

घोड्याला विमानात बसवणं अवघड नाही. मालवाहू विमानात खास कप्पे असतात, घोडे त्यांत उभ्याने प्रवास करतात, तोंडाशी गवताची जाळी आणि सोबत मोतद्दार. अडचण रोगांची असते. ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम इतके कडक होते, की 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधली घोडेस्वारी स्टॉकहोमला घ्यावी लागली. 2008 मध्ये ऑलिंपिक बीजिंगला आणि घोडे हाँगकाँगला, असं झालं. 2010 च्या एशियाडसाठी चीनने ग्वांगझोउजवळ रोगमुक्त अश्वक्षेत्रच उभारलं.

भारत आफ्रिकन हॉर्स सिकनेसपासून मुक्त असल्याचं 2014 मध्येच मान्य झालं होतं. पण ग्लँडर्स, सर्रा यांसारखे रोग असल्याने आजवर इथला घोडा युरोपात स्पर्धेला नेणं जवळपास अशक्य होतं. 3 जुलै 2025 रोजी जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला रोगमुक्त अश्वविभाग म्हणून मान्यता दिली. बाहेरच्या जनावरांपासून पूर्ण अलग, काटेकोर तपासण्या असलेल्या या विभागातल्या घोड्यांना आता परदेशाची वाट मोकळी होऊ शकते. आत घ्यायचं की नाही, हे अर्थात ज्या त्या देशाने ठरवायचं.

ही कामगिरी मोठी आहे. पण ती एका कुंपणाच्या आतली आहे. बाहेरचा देश निरोगी झाल्याशिवाय हे कुंपण काढता येणार नाही.

माळेगावची जत्रा

कुंपणाबाहेरचा देश पाहायचा तर मार्गशीर्षात हिंगोलीशेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला जावं. खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार भरतो. टांग्याचं तट्टू, वरातीची घोडी, धनगरांच्या वाड्याचं बिऱ्हाड वाहणारं भीमथडी, सगळी एका माळावर. भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. मराठ्यांची घोडदौड ज्यांच्या पाठीवर झाली, त्या घोड्यांचा हा वारसा.

रोगाची साखळी तुटायची असेल तर ती इथेच तुटेल. ग्लँडर्स हा जिवाणूंचा रोग. त्यावर लस नाही, तो माणसालाही होतो, आणि 2006 मध्ये तो आपल्या महाराष्ट्रातही डोकावून गेला. लागण पक्की ठरली की जनावर मारावं लागतं. या भीतीने मालक तपासणी टाळतो आणि दडवलेला रोग पुढच्या बाजारात जातो. कायद्याने हा रोग कळवणं बंधनकारक आहे आणि जनावर गेलं तर सरकारी भरपाईची सोयही आहे. हिसारला 1985 पासून राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तिथे रक्ताचा नमुना तपासून निदान होतं.

नामदेव नरसीचे. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची वाणी गुरू ग्रंथसाहिबात विसावली. माणसाला इतकं दूर नेणाऱ्या या मातीतल्या घोड्याचीही वाट मोकळी व्हावी. ज्यांच्या दारात घोडं, तट्टू, खेचर किंवा गाढव आहे, त्या प्रत्येकाला एवढीच विनंती: यंदा जत्रेला निघण्याआधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्याच्या रक्ताची तपासणी करून घ्या.