सॉकर लीग, अमेरिकेतील द्वितीय श्रेणीच्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) व्यावसायिक सॉकरमध्ये अव्वल श्रेणीच्या खालोखाल अधिकृत मान्यता असलेल्या साखळी स्पर्धा व त्या चालविणाऱ्या संघटना. ‘फुटबॉल’ हे नाव तेथे अंडाकृती चेंडूच्या देशी खेळास रूढ असल्याने जगभरच्या फुटबॉलला सॉकर म्हणतात. २०२५ मध्ये अव्वल श्रेणीत मेजर लीग सॉकर (एमएलएस) ही ३० संघांची लीग होती, तर द्वितीय श्रेणीत यूएसएल चँपियनशिप ही लीग होती. द्वितीय श्रेणीची लीग पहिलीची बरोबरी करू शकेल काय, हा तेथे वारंवार निघणारा वाद असून २०२५ मधील घडामोडींमुळे त्याला नवे महत्त्व आले.

इंग्लंड, स्पेन वा ब्राझील या देशांत संघाची श्रेणी मैदानावर ठरते. खालच्या श्रेणीत आघाडीवर राहिलेले संघ वर चढतात आणि वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली उतरतात. अ. सं. संस्थानांत श्रेणी ही संघाची नसून लीगची असते व ती युनायटेड स्टेट्स सॉकर फेडरेशन (स्थापना १९१३) या राष्ट्रीय संस्थेच्या परवान्याने मिळते. संस्थेच्या २०१४ च्या निकषांनुसार अव्वल श्रेणीसाठी अर्ज करणाऱ्या लीगमध्ये किमान १२ संघ हवेत व तिसऱ्या वर्षापर्यंत ते १४ व्हावयास हवेत. प्रत्येक प्रेक्षागाराची आसनक्षमता किमान १५,००० असावी. ७५ टक्के संघ १० लाखांवर वस्तीच्या महानगर-परिसरांतील असावेत आणि प्रत्येक संघाच्या प्रमुख मालकाची मालमत्ता किमान ४ कोटी डॉलर असावी. द्वितीय श्रेणीसाठी ८ संघ व ५,००० आसने पुरतात. हे सर्व निकष पैसा, प्रेक्षागार व लोकसंख्या यांचे आहेत. द्वितीय श्रेणीचा संघ सलग दहा वर्षे अजिंक्य राहिला, तरी केवळ त्या बळावर तो वर जाऊ शकत नाही.

अन्य अमेरिकन खेळांत मात्र दुय्यम वा नव्या लीगने प्रस्थापितांना नमविल्याची उदाहरणे आहेत. बेसबॉलमधील अमेरिकन लीग ही मूळची वेस्टर्न लीग नावाची दुय्यम संघटना होती. १९०१ मध्ये तिने स्वतःस अव्वल म्हणून घोषित केले, जुन्या नॅशनल लीगने घातलेल्या वेतनमर्यादेला कंटाळलेले नामवंत खेळाडू जादा वेतन देऊन फोडले आणि १९०३ मध्ये नॅशनल लीगला समेट करणे भाग पाडले. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९६० साली उभ्या राहिलेल्या अमेरिकन फुटबॉल लीगने हाच मार्ग अनुसरला. १९६६ मध्ये विलीनीकरणाचा करार झाला व १९७० पासून तो पूर्णतः अमलात आला. या यशाचे मर्म एकच आहे : त्या खेळांतील उत्तम खेळाडूंचा पुरवठा देशापुरता मर्यादित होता. त्यांतील शंभर-दोनशे खेळाडू प्रतिस्पर्ध्याने नेले, की जुन्या लीगची कोंडी होई. सॉकरमध्ये ही कोंडी शक्य नाही. एमएलएसचे वीस खेळाडू कोणी पळविले, तर ती त्यांची जागा अर्जेंटिना, घाना वा डेन्मार्कमधील खेळाडूंनी भरू शकते. प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत प्रभावी शस्त्र येथे बोथट ठरते. या वादात या मुद्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

सॉकरमधील जुने संघर्ष दोन्ही पक्षांना घातकच ठरले. १९२८ मध्ये अमेरिकन सॉकर लीगने राष्ट्रीय चषकस्पर्धेवर बहिष्कार घातला. बेथलीहेम स्टील प्रभृती काही संघांनी तो मोडल्याने लीगने त्यांना काढून टाकले, राष्ट्रीय संस्थेने लीगलाच बहिष्कृत ठरविले आणि फुटलेल्या संघांची वेगळी लीग निघाली. समेट झाला, तोवर आर्थिक मंदीने गाठले होते व १९३३ मध्ये मूळ लीग संपली. १९६७ मध्ये पुन्हा दोन लीग समोरासमोर उभ्या राहिल्या : एकीकडे संस्थेची मान्यता होती, तर दुसरीकडे दूरचित्रवाणीचा करार. वर्षअखेरीस त्या एकत्र होऊन नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग जन्मास आली. १९६८ मध्ये तिच्यात १७ संघ होते. १९६९ मध्ये अवघे पाच उरले. पुढे पेले (१९७५) व बेकेनबाउअर (१९७७) यांना आणणाऱ्या न्यूयॉर्क कॉसमॉसमुळे ती जगभर गाजली. हाच संघ २४ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यात मोहन बागानशी २–२ असा बरोबरीत खेळला. तथापि ऐपतीबाहेरचा खर्च व झटपट विस्तार यांमुळे १९८४ च्या हंगामानंतर लीग बंद पडली.

१९९४ ची विश्वचषक स्पर्धा मिळताना नवी अव्वल लीग काढण्याचे आश्वासन देण्यात आले होते. त्या वेळी अमेरिकन प्रोफेशनल सॉकर लीग ही लीग प्रत्यक्ष खेळत होती व तिनेही अव्वल श्रेणी मागितली होती; परंतु डिसेंबर १९९३ मध्ये संस्थेने केवळ कागदावर असलेल्या एमएलएसची निवड केली. एमएलएसचे सामने १९९६ मध्ये दहा संघांनिशी सुरू झाले. तिच्या रचनेत संघ स्वतंत्र नसून खेळाडूंचे करार लीगकडे असतात. या रचनेविरुद्ध खेळाडूंनी केलेला दावा २००२ मध्ये अपिलातही टिकला नाही.

मैदानावरचा फरक मात्र समजला जातो तितका मोठा नाही. सर्व श्रेणींच्या संघांना खुल्या असलेल्या यू. एस. ओपन कप स्पर्धेत १९९९ मध्ये द्वितीय श्रेणीच्या रॉचेस्टर संघाने एमएलएसच्या चार संघांना हरवून चषक जिंकला. २०२२ मध्ये सॅक्रामेंटो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. प्रेक्षकांचे म्हणावे, तर एफसी सिनसिनाटीच्या सामन्यांना २०१८ मध्ये सरासरी २५,००० हून अधिक लोक येत. खरी अडचण याच यशातून निर्माण होते. सिॲटल (२००९), पोर्टलंड व व्हँकूव्हर (२०११), माँट्रिऑल (२०१२), ओरलँडो (२०१५), मिनेसोटा (२०१७), सिनसिनाटी (२०१९) व नॅशव्हिल (२०२०) यांनी प्रवेशशुल्क भरून एमएलएस गाठली व येताना आपली नावे व चाहतेही आणले. प्रतिस्पर्धी होण्याइतकी लीग बळावली, की तिचे मोहरेच पलीकडे जातात. सिनसिनाटी संघ एमएलएसमध्ये पहिली तीन वर्षे तळाशी राहिला व २०२३ मध्ये साखळीत अव्वल आला. युरोपीय पद्धतीत त्याला तळाशी राहून हा अवकाश मिळाला नसता. दरम्यान प्रवेशशुल्क २००७ मधील टोराँटोच्या १ कोटी डॉलरवरून सॅन डिएगोच्या (पहिला हंगाम २०२५) ५० कोटी डॉलरवर गेले.

परवाना न्यायालयातून मिळविण्याचा प्रयत्नही झाला. जुनेच नाव घेऊन २०११ पासून द्वितीय श्रेणीत खेळणाऱ्या नव्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगला २०१८ साठी ती श्रेणी नाकारण्यात आली. लीगने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली संस्था व एमएलएस यांवर दावा लावला. २०१८ मध्ये ती खेळलीच नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्यूरीने प्रतिवादींच्या बाजूने कौल दिला.

त्याच महिन्यात यूएसएलने २०२७-२८ मध्ये स्वतःची अव्वल श्रेणीची लीग काढण्याचा मनोदय जाहीर केला व मार्चमध्ये संघमालकांनी आपल्या श्रेणींत चढ-उताराची पद्धत मोठ्या बहुमताने स्वीकारली. यापूर्वीच्या आव्हानांहून हे वेगळे आहे. तृतीय श्रेणीची लीगही यूएसएलचीच असल्याने तिच्याजवळ चढ-उतारास आवश्यक ती उतरंड तयार आहे. शिवाय एमएलएसला परवाने विकण्यात रस नसलेल्या मध्यम शहरांतील संघांना वर जाण्याचा दुसरा मार्ग त्यामुळे खुला होतो. संपत्तीत मात्र बरोबरी नजीकच्या काळात संभवत नाही. एमएलएसजवळ २०२३ पासून ॲपल कंपनीशी झालेला दीर्घ मुदतीचा प्रक्षेपण-करार आहे आणि त्याच वर्षी आलेला मेस्सीसारखा खेळाडू आहे. म्हणून अव्वल श्रेणीचा परवाना यूएसएलला मिळाला, तरी तो दर्जाच्या समानतेचा असेल, उत्पन्नाच्या समानतेचा नव्हे. तिची मुख्य कसोटी प्रेक्षागारांत आहे. १५,००० आसनांची प्रेक्षागारे बांधण्यास लागणारे कर्ज संघाच्या भावी उत्पन्नावर अवलंबून असते, तर चढ-उताराची पद्धत तेच उत्पन्न अनिश्चित करते. आणि श्रेणी जाण्याचे भय असलेल्या संघात पैसा गुंतविण्याची सवय अमेरिकन भांडवलाला नाही.