समुद्रात पेरणी कोण करतं?

ज्वारी पेरल्याशिवाय उगवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग पापलेट कोण पेरतं? बोंबील, सुरमई, बांगडा? कुणीच नाही! समुद्रात नांगर चालत नाही की पाभर चालत नाही. तरी पिढ्यान् पिढ्या होड्या भरभरून मासळी येते. कारण पकडून उरलेले मासे हेच समुद्राचं बियाणं. आता सांगा, बियाणंच खाऊन टाकलं तर पुढच्या वर्षी काय उगवणार?

म्हणून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. समुद्र तेव्हा खवळलेला असतोच, शिवाय अनेक जातींच्या माशांचा हा अंडी घालण्याचा काळ. कोळीवाड्यांत तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील आणि फाटकी जाळी दुरुस्त करणारी माणसं दिसतील. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मग होड्या पाण्यात लोटायच्या, ही कोळी बांधवांची रीत तर सरकारी बंदीच्याही कितीतरी आधीची! मला या रीतीचं फार कौतुक वाटतं.

पण नुसती सुट्टी देऊन भागत नाही. पकडायचा मासा केवढा, हेही महत्त्वाचं. पिल्लू पकडलं, तर ते एकदाही अंडी न घालता संपलं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर आहे. फूटपट्टीवर बघा बरं, साडेतेरा सेंटिमीटर! त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला.

आता खरी गंमत. पाण्याखाली खोलवर जाळं ओढलं जातंय. लहान मासा आत आलाय की मोठा, हे वर होडीत बसलेल्या माणसाला कसं कळणार? मग जाळ्यालाच निवड करायला लावायची! लसूण येतो ती जाळीदार पिशवी घ्या. दोन्ही टोकं धरून ताणा. भोकं कशी मिटली पाहा, उरल्या नुसत्या फटी. ट्रॉलर म्हणजे जाळं ओढत नेणारी यांत्रिक होडी. तिचं जाळं ओढताना असंच होतं. जाळ्याच्या शेवटी मासे साठतात त्या पिशवीची भोकं मिटतात आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा आत कोंडली जातात. जाळ्याच्या भोकाला कोळी लोक ‘आस’ म्हणतात. हे आस शंकरपाळ्याच्या आकाराचे न ठेवता चौकोनी ठेवले, म्हणजे दोन दोरे ओढीच्या दिशेने सरळ आणि दोन आडवे, तर कितीही ताणलं तरी ते उघडे राहतात. पिल्लं सुळकन निसटतात, मोठे मासे अडकतात. महाराष्ट्रात ट्रॉलरच्या त्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस हवेत, असा नियम आहे. दोऱ्यांची दिशा बदलायची आणि पिल्लं वाचवायची. केवढी साधी आणि केवढी हुशार युक्ती!

मोठ्या माद्या राखणंही तितकंच गरजेचं. मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी जास्त. तीही थोडीथोडकी नाही, दुप्पट वजनाची मादी बहुधा दुपटीहून अधिक अंडी घालते.

बियाणं राखून खायचं, असाच एक विचार १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने जगापुढे मांडला. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या आयोगाच्या अध्यक्ष होत्या. आजची गरज भागवायची, पण पुढच्या पिढ्यांना त्यांची गरज भागवता आली पाहिजे, असा तो विचार. यालाच शाश्वत विकास म्हणतात. मासेमारी कायमची बंद करा, असं तो सांगत नाही. मासे खायचे, विकायचे, त्यावर घरंही चालवायची. फक्त समुद्रात जेवढी भर पडते, त्याहून जास्त काढायचं नाही. बंदीच्या ६१ दिवसांत कमाई थांबते ती मात्र कोळी कुटुंबांची. त्या दिवसांत त्यांना आधार देणं हाही शाश्वत विकासाचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी मासळीबाजारात जाताना खिशात छोटी फूटपट्टी ठेवा. पापलेट लहान दिसलं तर मोजून बघा. साडेतेरा सेंटिमीटरहून कमी भरलं, तर घरच्यांना सांगा, “हे नको, मोठं घेऊ या.” आणि कोळीणमावशींना जरूर विचारा, त्या लहान असताना केवढी पापलेटं यायची?