गाविलगड पाहिलेला मुत्सद्दी

शार्दूल दरवाज्यावरचे कोरीव काम न्याहाळून आणि तलावाकाठी घरून आणलेली शिदोरी सोडून उन्हे कलण्यापूर्वी चिखलदऱ्याकडे परतणाऱ्या मंडळींपैकी, १५ डिसेंबर १८०३ या दिवशी याच गाविलगडावर वऱ्हाडाच्या पुढील दीडशे वर्षांचा निकाल लागला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या फौजेने अवजड तोफा डोंगरातून ओढीत उत्तरेकडे आणल्या होत्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडले, तरी मधली घळ ओलांडून आतल्या तटाला शिड्या लागेपर्यंत गड पडला नाही. आणि पडला तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेणीसिंग लढता लढता कामी आला होता. इंग्रजांच्या त्या छावणीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा चोवीस वर्षांचा एक तरुण होता. कंपनी सरकारचा हा मुलकी नोकर, माल्कम नावाचा राजकीय अधिकारी आजारी पडल्यामुळे, त्याच्या जागी जनरल वेलस्लीच्या दिमतीस आला होता. असईची लढाई, अकोल्याकडील आडगावची लढाई आणि हा वेढा ही तिन्ही त्याने डोळ्यांनी पाहिली. आणि हा गडी पेशा चुकला, याने शिपाईच व्हावयास हवे होते, असा अभिप्राय खुद्द वेलस्लीने दिला.

गड पडल्यावर अवघ्या दोन दिवसांनी देवगावच्या छावणीत नागपूरकर भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांच्याशी तह झाला, आणि महिना सरण्याच्या आत सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी दुसरा. कटक, दिल्ली, आग्रा यांचे भवितव्य अमरावती जिल्ह्यातील या दोन गावांत ठरले, हे आजही वाचताना नवल वाटते. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला. गाविलगड, नरनाळा आणि चार लाखांच्या वसुलाचा लगतचा प्रदेश एवढेच भोसल्यांकडे राहिले. त्यापूर्वी येथे निजाम आणि भोसले या दोघांचाही वसूल चाले. रयत त्यास दुअंमल म्हणे. तो दुअंमल संपला खरा, परंतु धनी मात्र दूर हैदराबादेस राहिला, आणि १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी हाच प्रांत इंग्रजांच्या कारभारात आला.

एल्फिन्स्टनची पुढील कारकीर्द मराठी वाचकास परिचित आहे. देवगावच्या तहान्वये नागपूरच्या दरबारी ठेवावयाचा रेसिडेंट म्हणून तोच गेला आणि १८०८ पर्यंत तेथे राहिला. मग काबूलच्या शहाकडे वकिली, पुढे पुण्याची रेसिडेन्सी, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई, जिच्यात संगमावरील त्याचा बंगला ग्रंथसंग्रहासह जळाला. पेशवाई बुडविणाऱ्या हातांत त्याचा हात होता. ही गोष्ट झाकून त्याचे गुणगान करणे मला मान्य नाही. तरी जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली त्याने लिहिलेला अहवाल वाचावा. पाटील, कुलकर्णी, पंचायत, इनाम, वतन यांची घडी होता होईल तो मोडू नये, ही त्याची भूमिका त्यात पानोपानी दिसते.

त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांची चळत पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने, ही कशासाठी, असे विचारले. येथील लोकांना शिकविण्यासाठी, असे सांगून एल्फिन्स्टन पुढे म्हणाला की, आम्हांला युरोपास परत नेणारा हमरस्ताही हाच. राज्य मिळवितानाच ते एक दिवस सोडावे लागेल हे ओळखणारा, आणि ओळखूनही शाळा काढणारा अंमलदार त्या काळात विरळा.

पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२७ साली ते पद सोडले तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, आणि पुढे बत्तीस वर्षे जगला. गव्हर्नर-जनरलपद दोनदा चालून आले. त्याने दोन्ही वेळा नाकारले. प्रकृती साथ देत नव्हती हे खरे. परंतु अधिकाराची चटक एकदा लागली की ती प्रकृतीलाही जुमानीत नाही, हे आपण नित्य पाहतो. निवृत्तीत त्याने वाचन केले, आणि १८४१ साली हिंदुस्थानचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. तो इतिहास पानिपताच्या सुमारास थांबतो. ज्या घडामोडींत लेखकाचा स्वतःचा हात होता त्या त्यात नाहीत. इंग्रजी सत्तेच्या उदयाचा भाग त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाला. आडगाव आणि गाविलगड पाहिलेल्या माणसाने त्यांविषयी ग्रंथ लिहून पुरा केला असता, तर वऱ्हाडच्या अभ्यासकास तो अमोल ठरता, ही हळहळ मला वाटते. २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडात सरे परगण्यातील हूकवुड येथे तो वारला.

मुंबईत त्याचे नाव महाविद्यालयाने राखले. आपल्या बाजूला राखावयाचे ते त्याचे नाव नव्हे, तर येथे घडलेली हकीकत आहे. अमरावती-अकोल्याच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, मुलांना गाविलगडावर नेताना देवगाव, सुर्जी-अंजनगाव आणि आडगाव या तीन गावांतही थांबावे, आणि तहाची कलमे तेथे उभे राहून वाचून दाखवावीत.