मानेगावात पडलेला वेस्टाचा तुकडा

मुक्ताईनगरला आमच्याकडची जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. त्या एदलाबादजवळच्या मानेगावात १८४३ च्या पावसाळ्यात आभाळातून दगड पडला. ब्रिटिश म्युझियमचे खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांनी १८७० मध्ये त्यातली खनिजं तपासून प्रसिद्ध केली. जगभरच्या उल्कापाषाणांच्या यादीत आमच्या गावाचं नाव आजही आहे. मी भुसावळला विज्ञान शिकवतो. वर्गात त्या पंचक्रोशीतली मुलं असतात, पण ही गोष्ट घरी कुणाच्या कानावर आलेली नसते. मला याची फार हळहळ वाटते.

कारण हा दगड साधा नव्हे. तो 'डायोजेनाइट' जातीचा आहे, म्हणजे जवळजवळ निव्वळ पायरोक्झिन या खनिजाचा. या जातीच्या दगडात हिरवट झाक असलेले जाड स्फटिक दिसतात. असे स्फटिक वाढायला तप्त रस जमिनीखाली खोलवर, अगदी सावकाश थंड व्हावा लागतो. तेव्हा हा दगड अशा गोलाच्या पोटातला, जो कधीकाळी आतून वितळला होता. शास्त्रज्ञांच्या मते तो गोल म्हणजे वेस्टा.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला हा लघुग्रह हाइनरिख ओल्बर्स यांनी २९ मार्च १८०७ रोजी जर्मनीतल्या ब्रेमेनमधून शोधला. ओल्बर्स पेशाने डॉक्टर. रात्री दुर्बीण लावून बसत. नाव ठेवलं गणितज्ञ गाउस यांनी.

वेस्टाचा सरासरी व्यास ५२५ किलोमीटर. धुळ्याहून सरळ पूर्वेला निघून नागपूर, भंडारा मागे टाकावं, एवढा. स्वतःभोवतीची फेरी ५ तास २० मिनिटांत, सूर्याभोवतीची साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात. इथे साठ किलो भरणारा माणूस तिथे दीड किलोच भरेल. अंग इतकं उजळ की गडद अंधाऱ्या रात्री, तो पृथ्वीजवळ असताना, नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो.

१९७० मध्ये वेस्टावरून परतणारा प्रकाश तपासला, तेव्हा त्याची खूण बेसॉल्टच्या उल्कापाषाणांशी जुळली. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सातमाळ्याचा, अजिंठ्याचा काळा दगडच! फक्त आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला साधारण साडेचारशे कोटींचा. मानेगावचा दगड या बेसॉल्टच्या थराखालचा.

मग तो बाहेर आला कसा? २०११ पासून 'डॉन' यान वर्षभर वेस्टाभोवती फिरलं. दक्षिण ध्रुवाशी त्याने सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचं ऱ्हिआसिल्व्हिया विवर मोजलं. मधलं शिखर वीस किलोमीटरहून उंच. जवळपास वेस्टाएवढंच रुंद विवर! एवढ्या आघाताने आतला खडक उडाला. काही तुकडे सरकत सरकत अशा कक्षेत गेले, जिथे गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच लयीत बसते. त्या ओढीने वाट बदलून ते पृथ्वीच्या रस्त्यात आले.

आज जगात या दगडाचा जपलेला भाग मुठीत मावेल इतकाच आहे. मानेगावच्या ग्रामपंचायतीने आणि तालुक्यातल्या शाळांनी वेशीवर एक पाटी तरी लावावी: वेस्टाच्या पोटातला दगड इथे पडला, १८४३.