विनोदी बोलपटांच्या गृहप्रती आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

१. विषयप्रवेश

भाषेच्या अभ्यासकाने जुन्या विनोदी बोलपटांच्या कॅसेटी आणि तबकड्या शोधीत हिंडावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी विचित्र वाटेल. परंतु गेल्या शतकातील बोलीचा, आघातांचा आणि संभाषणातील विरामांचा जो ध्वनिमुद्रित पुरावा आज उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग बोलपटांत आहे. आणि विनोदी बोलपटात तर सर्व परिणाम शब्द केव्हा उच्चारला जातो यावरच अवलंबून असतो. अडचण एवढीच की, मूळ फीत आपल्या हाती क्वचितच येते. आपल्यापुढे असते ती घरी पाहण्यासाठी विकली गेलेली एखादी प्रत. अशा प्रती परस्परांशी जुळत नाहीत. कोठे एखादे दृश्य गळालेले असते, कोठे मागाहून संगीत घातलेले असते, तर कोठे संपूर्ण चित्राची गतीच बदललेली असते. तेव्हा यांपैकी कोणती प्रत प्रमाण मानावी, हा प्रश्न हौशी संग्राहकाइतकाच संशोधकाचाही आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार स्टॅन लॉरेल (१८९०–१९६५) आणि ऑलिव्हर हार्डी (१८९२–१९५७) या जोडीच्या बोलपटांच्या आधारे करावयाचा आहे. मराठी प्रेक्षकांनी या जोडीस 'जाड्या-रड्या' हे नाव दिले. स्पॅनिश भाषकांनी त्यांस 'जाड्या आणि काटकुळा' म्हटले, जर्मनांनी दुसऱ्याच्या मूर्खपणावर बोट ठेविले, स्वीडिश भाषकांनी 'पूर्ण आणि अर्धा' अशी जोडी बसविली. मराठीने मात्र लॉरेलचे रडणे तेवढे टिपले. एकच दृश्य पाहून निरनिराळ्या भाषा निरनिराळे लक्षण निवडतात, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

२. एकाच चित्राच्या अनेक भाषांतील संहिता

१९२९ मध्ये ही जोडी बोलपटात आली, आणि लगेच हॅल रोच यांच्या निर्मितीसंस्थेपुढे एक नवी अडचण उभी राहिली. मूकपटाची अक्षरपाटी बदलली की तो कोणत्याही देशात दाखविता येई. बोलपटास ती सोय राहिली नाही. आवाज बदलून दुसऱ्या भाषेत चित्र सादर करण्याची कला अद्याप बाल्यावस्थेत होती. म्हणून सुमारे १९३१ पर्यंत असा उपाय योजला गेला की, इंग्रजी चित्रीकरण झाल्यावर तेच प्रसंग स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन व क्वचित इटालियन भाषेत पुन्हा चित्रित करावयाचे. लॉरेल व हार्डी यांस या भाषा येत नव्हत्या. त्यांची वाक्ये उच्चारानुसार फळ्यावर लिहून तो फळा कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर ठेवीत, आणि भाषाशिक्षकाच्या मदतीने ते ती म्हणत. सोबतची कित्येक पात्रे मात्र त्या त्या भाषेच्या नटनट्यांना देण्यात येत.

या आवृत्त्या म्हणजे केवळ भाषांतरे नव्हेत. परदेशांत त्या मुख्य चित्र म्हणून दाखविल्या जात असल्यामुळे त्यांची लांबी वाढविलेली असे. 'चिकन्स कम होम' (१९३१) हे इंग्रजी चित्र साधारण अर्ध्या तासाचे आहे; त्याची स्पॅनिश आवृत्ती 'पोलितिकेरियास' जवळजवळ दुप्पट लांब आहे. तीत हाजी अली नामक खेळकऱ्याचा पाणी व रॉकेल पिऊन ते पुन्हा बाहेर काढण्याचा संपूर्ण प्रयोग समाविष्ट केला आहे, आणि हार्डीच्या पत्नीची भूमिका थेल्मा टॉड हिच्याऐवजी लिंडा लोरेडो हिने केली आहे.

इटलीतील कथा याहून उद्‌बोधक आहे. या जोडीचे परकीय धाटणीचे इटालियन प्रेक्षकांस इतके आवडले की, पुढे इटालियन नट त्यांस आपला आवाज देऊ लागले तेव्हा त्यांनीही ती धाटणी मुद्दाम राखली. हार्डीचा इटालियन आवाज पुष्कळ वर्षे आल्बेर्तो सोर्दी यांचा होता. 'मूर्ख' या अर्थाच्या शब्दात इटालियन भाषक पहिल्या अक्षरावर आघात देतात आणि 'स्तूपिदो' म्हणतात. पडद्यावरील जोडी मात्र आघात दुसऱ्या अक्षरावर नेऊन 'स्तुपीदो' म्हणते. अशा रीतीने शिकाऊ वक्त्याची चूक ही पात्राची खूण ठरली.

आपल्याकडेही त्याच काळात द्वैभाषिक चित्रे निघत होती. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. मास्टर विनायकांचे 'ब्रह्मचारी' (१९३८) हे विनोदी चित्रही दोन्ही भाषांत झाले. फरक असा की, आपल्या नटांस दोन्ही भाषा परिचित होत्या. न समजणारी भाषा केवळ ध्वनीच्या आधारे बोलणारा नट हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने अगदीच वेगळा नमुना होय.

३. पाठभेद

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी त्या कामात हस्तलिखितांखेरीज जुन्या जावानी व तेलुगू भारतांचीही साक्ष विचारात घेतली. परभाषेतील रूपांतर मूळ पाठाविषयी काही सांगू शकते, हे तत्त्व बोलपटांनाही लागू पडते.

'लाफिंग ग्रेव्ही' (१९३१) हे दोन रिळांचे इंग्रजी चित्र. बर्फाळ रात्री एका कुत्र्यास घरमालकापासून लपविण्याची खटपट, एवढाच त्याचा विषय. मूळ चित्रीकरणात आणखी एक रीळ होते. त्यात लॉरेलला एक पत्र येते: हार्डीची संगत सोडलीस तर तुला वारशाचे धन मिळेल. हा भाग प्रदर्शनापूर्वी वगळला गेला आणि इंग्रजी प्रेक्षकांनी तो अनेक दशके पाहिला नाही. परंतु 'बी बिग' आणि 'लाफिंग ग्रेव्ही' ही दोन चित्रे जोडून केलेल्या फ्रेंच व स्पॅनिश आवृत्त्यांत तो प्रसंग होता. पुढे १९८० नंतरच्या दशकात इंग्रजी रीळही सापडले. म्हणजे ज्या गृहप्रतीत केवळ दोन रिळे आहेत ती प्रदर्शित पाठाची प्रत होय. जीत तिसरे रीळ जोडले आहे ती अधिक 'पूर्ण' असली तरी १९३१ च्या इंग्रजी प्रेक्षकाने पाहिलेला पाठ ती नव्हे. दोन्हींचे मोल आहे, पण त्यांची गल्लत होता कामा नये.

दुसरा प्रकार ध्वनीचा. 'ब्रॅट्स' (१९३०) सारखी आरंभीची काही चित्रे १९३७ च्या सुमारास पुन्हा प्रदर्शित झाली तेव्हा त्यांत नवे पार्श्वसंगीत घालण्यात आले. संवाद तेच राहिले, पण ज्या विरामात पूर्वी शांतता होती तेथे वाद्ये वाजू लागली. विरामाचा अभ्यास करणाऱ्यास हा भेद फार महत्त्वाचा आहे. आरंभीच्या अक्षरपाट्यांचेही असेच. आयोवा राज्यातील ब्लॅकहॉक फिल्म्स या संस्थेने ८ व १६ मिलिमीटर प्रती घरोघरच्या संग्राहकांस विकल्या, तेव्हा त्यांवर स्वतःच्या पाट्या लाविल्या. त्यांवरून पुढे निघालेल्या प्रतींत त्या उतरल्या. हस्तलिखिताच्या पुष्पिकेवरून जसे त्याचे कुळ कळते, तसेच अशा पाटीवरून प्रतीचे घराणे ओळखता येते.

तिसरा प्रकार खंडित पाठाचा. 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७) या मूकपटातील पायफेकीचे दृश्य प्रसिद्ध असले, तरी कित्येक वर्षे ते १९५७ सालच्या 'द गोल्डन एज ऑफ कॉमेडी' या संकलनातील त्रोटक भागावरूनच ज्ञात होते. दुसरे रीळ जवळजवळ पूर्ण स्वरूपात २०१५ मध्ये एका खाजगी संग्रहात मिळाले, आणि २०२० च्या ब्ल्यू-रे संचात ते समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या तबकड्यांवरून त्या दृश्याच्या रचनेविषयी काढलेले निष्कर्ष आता तपासून घेणे भाग आहे.

४. काळ आणि सूर

येथवरचे भेद डोळ्यांस दिसतात. जो भेद दिसत नाही तो अधिक घातक, आणि त्याविषयी प्रस्तुत लेखकास स्वतःचीच चूक सांगावी लागते.

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादासाठी इंग्रजी व स्पॅनिश आवृत्त्यांतील विरामांची मोजणी केली होती. इंग्रजी चित्र युरोपीय तबकडीवरून घेतले होते, स्पॅनिश चित्र अमेरिकन तबकडीवरून. स्पॅनिशमधील विराम सातत्याने लांब भरले. फळ्यावरून वाचावे लागल्यामुळे बोलणे मंदावते, असा निष्कर्ष त्यावरून काढून निबंध लिहूनही झाला होता. निबंध पाठविण्यापूर्वी सहज एक शब्दहीन दूरदृश्य पाहिले. चित्रीकरण एकच, दोन्ही आवृत्त्यांत तेच वापरलेले. त्या दृश्यात कोणी बोलत नव्हते, तरीही ते स्पॅनिश प्रतीत चार टक्के लांब भरले! फळ्याचा तेथे काही संबंध नव्हता. दोष मोजपट्टीचा होता. दुरुस्ती केल्यावर जो फरक उरला तो इतका किरकोळ होता की, निबंध मागे घेणेच योग्य ठरले.

याचे कारण असे. बोलपटाची फीत सेकंदास २४ चित्रे या गतीने चालते. युरोपात व भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत दूरचित्रवाणी सेकंदास २५ चित्रे दाखविते. म्हणून त्या पद्धतीच्या तबकडीवर चित्रपट सामान्यतः किंचित वेगाने चालविला जातो. अमेरिकन पद्धतीत काही चित्रभाग पुन्हा दाखवून मूळ गती जवळजवळ राखली जाते. परिणामी पाल प्रतीत १.२० सेकंदांचा विराम १.१५ सेकंदांचा होतो, आणि १२० हर्ट्‌झचा आवाज १२५ हर्ट्‌झचा, म्हणजे अर्धस्वराच्या सुमारे सात दशांशांनी उंच होतो. 'द म्यूझिक बॉक्स' (१९३२) हे सुमारे २९ मिनिटांचे चित्र अशा प्रतीत २८ मिनिटांच्या आतच संपते. दुरुस्ती सोपी आहे: काळास २५/२४ ने गुणावे, सुरास २४/२५ ने. मात्र काही प्रकाशक गती बदलूनही सूर यंत्राने पूर्ववत करतात. म्हणून काळ व सूर यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

५. प्रतींचा शोध

अभ्यासकाने कोणत्या प्रती मिळवाव्यात? या जोडीपुरते बोलावयाचे तर तीन संच मुख्य आहेत. ब्रिटनमध्ये २००४ साली निघालेला २१ तबकड्यांचा संच व्याप्तीने मोठा आहे. पण तो पाल पद्धतीचा असल्याने वरील इशारा त्यास लागू आहे. अमेरिकेत २०११ साली निघालेल्या दहा तबकड्यांच्या संचात हॅल रोच संस्थेचे १९२९ ते १९४० या काळातील बोलपट असून काही परभाषिक आवृत्त्याही आहेत. भाषाशास्त्रज्ञास तो विशेष उपयोगी. २०२० च्या ब्ल्यू-रे संचात चित्रे थोडी, पण जीर्णोद्धार उत्तम आहे. मूकपटांसाठी १९२७ च्या चित्रांचा २०२३ मधील आणि १९२८ च्या चित्रांचा २०२४ मधील, असे दोन संच पाहावेत.

या सर्व तबकड्या भारतीय यंत्रावर चालतीलच असे नाही. डीव्हीडीच्या विभागणीत अमेरिका पहिल्या, युरोप दुसऱ्या आणि भारत पाचव्या विभागात येतो. ब्ल्यू-रेची विभागणी आणखी निराळी आहे. तेव्हा खरेदीपूर्वी विभागचिन्ह पाहून घ्यावे. आपल्याकडे एके काळी घरोघरी असलेल्या व्हीसीडीही जुन्या बाजारात मिळतात. त्यांचे चित्र अंधुक असते, आणि मोठे चित्र दोन तबकड्यांत तोडलेले असते. तथापि त्या टाकून देऊ नयेत. एखाद्या लुप्त झालेल्या कॅसेटीवरून ती व्हीसीडी काढलेली असली, तर त्या पाठाचा तोच एकमेव साक्षीदार असू शकतो. प्रतीचा दर्जा आणि प्रतीचे साक्षमूल्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रतीच्या पूर्णतेचा प्राथमिक अंदाज करण्याचे एक साधन रिळांची संख्या हे होय. ३५ मिलिमीटरची बोलफीत मिनिटास ९० फूट चालते; म्हणून हजार फुटांचे पूर्ण रीळ सुमारे ११ मिनिटे चालते. दोन रिळांचे चित्र पंधरा मिनिटांतच संपत असेल, तर काहीतरी गळाले आहे असा संशय घ्यावा. ते पंचवीस मिनिटे चालत असेल, तर काहीतरी जोडले आहे असे समजावे.

६. उपसंहार

या विवेचनातून विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा नियम निघतो. बोलपटातील भाषणाचा आधार प्रबंधात घेताना चित्राचे नाव व साल देणे पुरेसे नाही. प्रत कोणत्या देशात, कोणत्या साली, कोणत्या स्वरूपात निघाली, तिची पद्धत पाल की अमेरिकन, तिची प्रत्यक्ष मोजलेली लांबी किती, आणि ध्वनी मूळ प्रदर्शनाचा की पुनःप्रदर्शनाचा, या सहा गोष्टींची नोंद अवश्य करावी. हस्तलिखितावर काम करणारा विद्यार्थी पोथीचा क्रमांक दिल्यावाचून पाठ उद्धृत करीत नाही. तीच शिस्त येथेही हवी.

मराठी विनोदी बोलपटांविषयी असे काम अजून व्हावयाचे आहे. त्यांच्या कॅसेटी आणि व्हीसीडी आज घरांतून व दुकानांतून झपाट्याने नाहीशा होत आहेत. ती वाजविणारी यंत्रेही बिघडत चालली आहेत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन होईपर्यंत आपल्या मूकपटांपैकी बहुसंख्य नष्ट होऊन गेले होते. गृहप्रतींच्या बाबतीत ती वेळ अद्याप आलेली नाही. आपल्या घरच्या कपाटातील एखादी जुनी कॅसेट टाकून देण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तिच्यावरील वर्ष, प्रकाशक आणि लांबी एवढी तरी टिपून ठेवावी, आणि शक्य तर ती विभागाकडे आणून द्यावी. पुढील अभ्यासकास तेवढ्याने फार मोठी मदत होईल.