पाच वह्या आणि ३६० देवळं

दोस्ता, एक कोडं सोडव बघू! सिमेंट नाही. चुना नाही. डिंक तर नाहीच नाही! तरी दगडावर दगड रचले, आणि ते सातशे-आठशे वर्षं जागचे हलले नाहीत. कसे बरं?

विचार कर. तोवर आपण परभणी जिल्ह्यात जाऊ. जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं गाव आहे. चहाची टपरी, शाळा, ओट्यावर गप्पा मारणारे आजोबा, सगळं नेहमीसारखंच. आणि मग मध्येच, एकदम, काळ्या दगडाचं नक्षीदार देऊळ! पुढे गेलं की आणखी एक! कुठे खांब शाबूत, कुठे नुसते दगड पडलेले. एक खांब तर इतका उंच, की टोक बघता बघता डोक्यावरची टोपी मागे पडते. कुणी त्याला मानस्तंभ म्हणतं, कुणी दीपमाळ.

देवळांची नावं ऐक! गोकुळेश्वर, खुराची आई, उकंडेश्वर! मराठवाड्यात उकिरड्याला उकंडा म्हणतात, ठाऊक आहे ना? मला तर उकंडेश्वर ऐकलं की अजून हसू येतं.

आता ओट्यावरच्या आजोबांची गोष्ट. “पूर्वी इथं ३६० देवळं होती बरं का, बाळा!”

३६०! बापरे! पण थांब. ३५० का नाहीत? ४०० का नाहीत? आजीचं पंचांग काढ. एका महिन्यात तिथी ३०. महिने १२. गुण बघू! बरोब्बर ३६०! प्रत्येक तिथीला एका देवळात गेलं, तर शेवटच्या देवळाशी वर्ष संपतं. मला वाटतं, “वर्षभर पुरतील इतकी देवळं” असंच कुणाला तरी सांगायचं असणार. माझा अंदाज हं! आई “तुला शंभरदा सांगितलं” म्हणते, तेव्हा ती मोजत थोडीच असते?

असल्या देवळांबद्दल आणखी एक गोष्ट गावोगाव ऐकू येते. म्हणे पांडवांनी ती एका रात्रीत बांधली! खरं तर ही देवगिरीच्या यादव राजांच्या काळची कारागिरी. त्यांचा एक मंत्री होता, हेमाडपंत. त्याच्या नावावरून अशा देवळांना हेमाडपंती म्हणतात. गंमत म्हणजे, या पद्धतीची काही देवळं हेमाडपंत जन्मायच्याही आधीची आहेत!

चल, आता मंडपात. आत शिरलं की आधी वर बघ! खाली चार खांब, त्यांच्यावर चार तुळया. झाला चौकोन. मग प्रत्येक कोपऱ्यावर एक दगड तिरका टाकलाय. आत तयार झाला लहान, तिरका चौकोन! त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा दगड, पुन्हा आणखी लहान चौकोन. दारातली रांगोळी आठवली ना? अगदी तशीच, फक्त छताला काढलेली आणि दगडाची! शेवटी एवढंसं भोक उरतं. त्यावर एक दगड ठेवला की छत बंद.

पण हे दगड डोक्यावर पडत का नाहीत?

एकसारख्या पाच जाड वह्या घे. टेबलाच्या कडेवर एकावर एक रच. सगळ्यांत वरची वही हळूहळू बाहेर सरकव. पडेल पडेल वाटलं की थांब. साधारण अर्धी बाहेर आली ना? आता वरच्या दोन एकत्र सरकव. मग तीन. मग चार. मग पाचही. घाई केलीस तर धप्प! पण नीट जमलं, तर वाकून बघ. सगळ्यांत वरची वही पूर्णच्या पूर्ण टेबलाबाहेर! तिच्याखाली टेबल नाहीच!

जादू? छे! बागेतल्या सी-सॉसारखं आहे हे. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला जाडजूड मामा. मामा बसलाय तोवर तुझं टोक खाली येतच नाही! देवळातल्या दगडाचंही तसंच. त्याची मागची बाजू वरच्या दगडांनी दाबून धरलेली असते. काही ठिकाणी दगडाला खुंटी, तर दुसऱ्याला खाच. पुडाच्या डब्यात एक पूड दुसऱ्यात बसतो ना, तसे ते एकमेकांत बसतात. म्हणजे गोंद कुठला? दगडाचं स्वतःचं वजन!

मग काही देवळं पडली कशामुळे? एक चोर अगदी तुझ्या ओळखीचा आहे. पिंपळ! पक्षी पिंपळाचं फळ खातो, देवळावर बसतो आणि... हो, तेच करतो! त्यातलं बी फटीत पडतं. मूळ आधी दोऱ्याएवढं, मग बोटाएवढं, मग तुझ्या दंडाएवढं! दगड सरकतो. वजन जागेवरून हललं की खेळ खलास. धप्प! तुझ्या वह्यांसारखंच.

वजनाची आणखी एक गंमत बघायचीय? जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तिथे तीर्थंकर पार्श्वनाथांची भली मोठी दगडी मूर्ती आहे. लोक म्हणतात, ती अधांतरी आहे! गेलास किंवा गेलीस, तर नमस्कार कर आणि मग मूर्तीच्या खाली नीट बघ. एवढी जड मूर्ती, आणि खाली टेकू कशाचा? इवल्याशा एका दगडाचा!